आवाज एकाचा, होकार सर्वांचा

हुकूमशाहीच्या प्रचारतंत्राचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास उद्धृत केले जाते : शंभरदा उच्चारलेले असत्य अखेर सत्य वाटू लागते, असे गोबेल्स म्हणत असे. गंमत अशी की, हे वाक्य गोबेल्सच्या लेखनात वा भाषणांत अभ्यासकांना सापडलेले नाही. पुन:पुन्हा सांगितल्यामुळेच ते खरे वाटू लागले आहे! त्याहून मोठी हानी ही की, प्रचार म्हणजे निव्वळ खोटे बोलणे, असा आपला सोयीस्कर समज त्यामुळे झाला. खोटे ओळखण्याइतके आपण शहाणे आहोतच, मग आपल्याला कोण फसविणार? जर्मनीतील सुशिक्षित माणसे याहून वेगळा विचार करीत होती, असे मानण्याचे कारण नाही.

हिटलरच्या वक्तृत्वाने जर्मन राष्ट्र संमोहित झाले, हेही अर्धसत्यच. जुलै १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ३७.३ टक्के मते मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ३३.१ टक्क्यांवर घसरली. पुढे सत्ता हाती आली, संसद भवनाला आग लागली, २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकमाने वृत्तपत्रस्वातंत्र्य गुंडाळले गेले, विरोधकांची धरपकड झाली. तरीही ५ मार्चच्या मतदानात ४३.९ टक्क्यांपलीकडे मजल गेली नाही. अर्थात, दुसरा आवाज क्षीण का होईना ऐकू येत होता, तोवर निम्म्याहून अधिक मतदार त्या वक्तृत्वाला बधले नव्हते. म्हणून आधी तो दुसरा आवाजच नाहीसा करण्यात आला आणि मग मन वळविण्याचे काम सुरू झाले. हा क्रम ध्यानात घेतला पाहिजे.

१३ मार्चला गोबेल्स प्रचारमंत्री झाला. हा गृहस्थ वाङ्मयाचा डॉक्टर होता. साहित्याच्या अभ्यासाने मन उदार होते, असे मानणाऱ्या आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरांनी याची अवश्य नोंद घ्यावी! ऑक्टोबरमध्ये संपादकांसाठी कायदा आला. शासनमान्य नोंदणीशिवाय आणि ‘आर्य’ वंशाच्या दाखल्याशिवाय पत्रकारिता करणे अशक्य झाले. कोणत्या बातमीला किती महत्त्व द्यावयाचे, कोणती दडपावयाची, याच्या सूचना बर्लिनमधून दररोज निघू लागल्या.

परंतु गोबेल्सचे खरे शस्त्र वृत्तपत्र नव्हते, रेडिओ होता. ऑगस्ट १९३३ मध्ये ‘जनतेचा रेडिओ’ बाजारात आला. किंमत ७६ मार्क, हप्त्यांची सोय. त्याचा क्रमांक होता ३०१. हिटलर ज्या दिवशी चॅन्सेलर झाला त्या ३० जानेवारीची ती खूण. १९३८ मध्ये आणखी लहान संच ३५ मार्कांत मिळू लागला. १९३३ च्या आरंभी सुमारे ४३ लाख असलेली रेडिओधारकांची संख्या दहा वर्षांत दीड कोटीच्या पुढे गेली. गरिबाच्या घरी प्रथमच संगीत आले, ते देणाऱ्याविषयी कृतज्ञताही आली. आणि त्यातून अहोरात्र भाषणे ऐकविली जात होती काय? मुळीच नाही. रेडिओ कंटाळवाणा होता कामा नये, असे गोबेल्सने पहिल्याच महिन्यात अधिकाऱ्यांना बजावले होते. बहुतांश वेळ संगीतासाठी असे. युद्ध सुरू झाल्यावर रविवारी दुपारी सैनिकांच्या फर्माइशीच्या गाण्यांचा कार्यक्रम लागे आणि आघाडीवरचा मुलगा व घरी बसलेली आई एकाच वेळी एकच सूर ऐकत. यात असत्य ते कोणते? मात्र त्याच सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्र ऐकणे हा गुन्हा ठरला होता आणि ऐकलेली बातमी दुसऱ्याला सांगणाऱ्यास प्राणदंडापर्यंत शिक्षा होऊ शकत होती.

नेता थोर आहे, हे प्रत्येकाला पटविणे हुकूमशहाला आवश्यक नसते. शेजाऱ्याला ते पटले आहे, एवढे भासविले की पुरते. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी, स्टालिनग्राडच्या पराभवानंतर अवघ्या काही दिवसांनी, बर्लिनच्या क्रीडागृहात गोबेल्सने निवडून आणलेल्या श्रोत्यांना सर्वंकष युद्ध हवे आहे काय, असे विचारले. होकाराची गर्जना रेडिओवरून घरोघर पोहोचली. घरात बसून मनोमन ‘नको’ म्हणणाऱ्याने काय समजावे? आपण एकटेच आहोत, हेच.

आणीबाणी म्हणजे नाझी राजवट नव्हे. प्रमाणाचा विवेक सुटता कामा नये. तथापि एकटे पाडण्याची ही युक्ती १९७५ साली आपल्याकडेही योजली गेली. २६ जूनला वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले; पुढच्याच वर्षी चार वृत्तसंस्था मोडून ‘समाचार’ ही एकच संस्था उरली; आकाशवाणी शासनाचीच होती. सर्वत्र शिस्तीचे गुणगान चालले होते. त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत, जयप्रकाशांच्या प्रकृतीस्वास्थ्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. बाईंनी कोणाला नवी माहिती दिली नव्हती. मंडपातील माणसाला, आपण एकटे नाही, एवढेच त्या क्षणी कळले; पण सत्तेला नेमके तेच लपवावयाचे होते.

सुमारे एकोणीस महिने स्तुतीखेरीज काही ऐकू न आलेल्या सत्ताधाऱ्यांनी जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर केली. प्रचाराच्या त्या दिवसांत दिल्लीच्या रामलीला मैदानावर एका रविवारी विरोधकांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून दूरदर्शनने त्याच वेळी ‘बॉबी’ हा लोकप्रिय चित्रपट लावला. गोबेल्सच्या फर्माइशी गाण्यांचीच ही जात! मैदान मात्र ओसंडून वाहिले, आणि तेथे आलेल्यांनी आपण किती जण आहोत हे प्रथमच डोळ्यांनी पाहिले.