आधी ब्रेक, मग इंजिन



सुट्टी लागली की आपल्या मालेगावात एक नवा आवाज ऐकू येतो. यंत्रमागांची खटखट रोजचीच. हा आवाज वेगळा असतो. कोणीतरी भंगारातून जुन्या मोपेडचे इंजिन आणतो, सायकलची चौकट कापतो, वेल्डिंगवाल्याकडून नळ्या जोडून घेतो आणि कमरेएवढी छोटी मोटरसायकल तयार करतो.

गेल्या मे महिन्यात आठवीतला एक विद्यार्थी अशी गाडी ढकलत माझ्या घरी आला. म्हणाला, "सर, आवाज ऐका!" आवाज छान होता. वेल्डिंगही चांगले होते. मी विचारले, "थांबवतोस कशी?" त्याने उजवा पाय पुढे केला. चपलेची टाच निम्मी झिजलेली होती.

माझे काही सहकारी म्हणतात की मुलांना हे उद्योग करूच देऊ नयेत. मला ते पटत नाही. ज्या मुलाने इंजिन खोलून पुन्हा जोडले, तो पुस्तकातले घर्षण लवकर समजेल. पण चपलेचा ब्रेकही मला मान्य नाही. माझे मत असे आहे की मागच्या चाकाला ब्रेक बसेपर्यंत इंजिन चौकटीवर चढवूच नये.

मी हे का म्हणतो ते सांगतो. तुमच्याएवढा असताना माझ्या सायकलला ब्रेक नव्हते. मोसम नदीच्या पुलाकडे उतरताना समोर केळ्यांची हातगाडी आली. मी पाय टेकवला, पण सायकल थांबली नाही. केळीही वाचली नाहीत आणि माझे मनगटही नाही. ती सायकल होती. तुमच्या गाडीला तर इंजिन आहे.

थोडे गणित करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. फक्त मागचा ब्रेक असला, तर कोरड्या आणि कडक जमिनीवर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ३ मीटरने कमी होतो असे धरा. मग ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सुमारे ४ मीटरवर थांबेल. ताशी ३६ वेगाने जाणारी जवळजवळ १७ मीटर जाईल! वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्याचे १० मीटर वेगळेच.

आता कोणता ब्रेक निवडावा? काही मुले लोखंडी पट्टी टायरवर घासतात. पट्टी ओली झाली की ती नुसती घसरते, आणि टायर फाटतो तो वेगळाच. सायकलचे रबरी ब्रेकही इथे उपयोगाचे नाहीत, कारण छोट्या चाकाच्या रिमला त्यांच्यासाठी सरळ कडा नसते. डिस्क ब्रेक चांगला, पण त्याची चकती अगदी सरळ फिरावी लागते. घरच्या वेल्डिंगमध्ये ते जमणे कठीण.

आणखी एक युक्ती मी पाहिली आहे. क्लचच्या ड्रमभोवती पट्टा गुंडाळायचा आणि तो ओढून गाडी थांबवायची. गाडी थांबते खरी, पण हा जोर चाकापर्यंत चेनमधून जातो. चेन उतरली की ब्रेकही गेला. जो ब्रेक चेनच्या भरवशावर आहे, त्याला मी ब्रेक म्हणत नाही. पट्टाच वापरायचा असेल तर त्याचा ड्रम मागच्या चाकालाच जोडलेला हवा. पट्ट्याचे एक टोक चौकटीला पक्के असते आणि दुसरे लिवर ओढते. ड्रम पक्क्या टोकाकडून ओढायच्या टोकाकडे फिरला पाहिजे, म्हणजे तो स्वतःच पट्टा आवळायला मदत करतो. उलटे बसवले तर तेवढ्याच कामाला साधारण चौपट जोर लागतो. पट्टा उलटा बसला आहे, हे गाडी उभी असताना कळत नाही.

माझी पसंती जुन्या मोपेडच्या मागच्या चाकाला. लुना १९७२ साली आली. पेट्रोलवर चालणारी ती जुनी लुना आता बनत नाही, पण भंगारात तिचे सांगाडे अजून दिसतात. सुटा ब्रेक आणू नका. ड्रम, ब्रेक शू आणि बाहेरचे झाकण यांसह पूर्ण चाक आणा. ड्रम आतून हात फिरवून पाहा. खोल चर पडले असतील तर घेऊ नका. शू तेलकट असतील तर नवे घाला. आणि ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका! जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा.

बसवताना सर्वांत मोठी चूक एका पट्टीची होते. ब्रेक दाबला की शू ड्रमला धरतात आणि ड्रम त्यांना आपल्याबरोबर फिरवू पाहतो. शू ज्या झाकणावर बसलेले असतात ते झाकण मग फिरू लागते. म्हणून ते एका मजबूत लोखंडी पट्टीने चौकटीला बांधावे लागते. ती पट्टी नसली किंवा तिचा बोल्ट सुटला, तर झाकण गरकन फिरते, ब्रेकची वायर गुंडाळली जाते आणि चाक अचानक जाम होते. तारेने बांधून भागत नाही. वायर अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबल्यावर ती झाकणावरच्या लिवरशी काटकोन करील. तेव्हाच तिचा जोर पुरा लागतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी यंत्रमाग आहे. बाण्याचा धागा तुटला की माग लगेच थांबतो, कारण त्याच्या दांड्यावर ब्रेक असतो. कापडात दोष येऊ नये म्हणून लोकांनी एवढी काळजी घेतली. तुमचे हातपाय कापडापेक्षा स्वस्त आहेत का?

ब्रेक बसला तरी ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. मोकळे मैदान, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट आणि जवळ एखादा मोठा माणूस, एवढे असू द्या.

तो विद्यार्थी दोन आठवड्यांनी पुन्हा आला. चाक मोपेडचे होते आणि इंजिन घरीच ठेवलेले होते. आम्ही मैदानावर खडूने रेघ मारली. मी त्याला गाडीवर बसवून मागून ढकलले, आणि रेघेवर येताच त्याने ब्रेक दाबला. पहिल्या वेळी तो बराच पुढे गेला. आम्ही वायर थोडी आवळली. पाचव्या वेळी गाडी चार पावलांत थांबली. मग त्याने विचारले, "सर, आता इंजिन?" मी पट्टीचा बोल्ट हाताने हलवून पाहिला. तो किंचित हलत होता. पान्हा आणायला मी त्याला परत घरी पाठवले.