गाडीखालचा काळा थर : एका दुर्लक्षित दस्तऐवजाची बाजू

१/
जुन्या मोटारीचे खरेपण पारखायचे असेल, तर बॉनेटवर हात फिरवू नये. गुडघे टेकून गाडीखाली पाहावे. हल्ली ‘रिस्टोअर’ केलेल्या फियाट आणि जीप गाड्यांच्या पोटाखाली लालभडक स्प्रिंगा, पिवळेजर्द शॉकॲब्झॉर्बर आणि आरशासारखे क्रोम केलेले बोल्ट दिसतात. वर मालक अभिमानाने सांगतो, ‘गाडी अगदी ओरिजिनल आहे.’ या धाग्याचे म्हणणे असे की, ही इतिहासाची बनावट आहे आणि ती घडवताना अस्सल पुरावा खरवडून टाकला जातो.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. चिखल, पाणी आणि खडी यांचा मारा सर्वांत जास्त सोसतात ते सस्पेन्शनचे भाग. त्यांना गंजापासून वाचवण्याच्या रीतीला स्वतःचा कालक्रम आहे. थॉमस कॉस्लेट या इंग्रज संशोधकाने १९०६ मध्ये लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. १९१५ मध्ये डेट्रॉइटला पार्कर कंपनी स्थापन झाली आणि ही प्रक्रिया मोटार उद्योगात रुजली. पुढे कॅडमियमचा मुलामा आला. पावडर कोटिंगचा उगम १९५० च्या दशकातील जर्मनीत आहे आणि त्याचा सर्वत्र प्रसार त्यानंतर बराच उशिरा झाला.

३/
त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यातील गाडीखाली साधारणपणे काय आढळते? घडीव आर्म आणि पाटे काळ्या रंगात बुडवून काढलेले. थर पातळ, कुठे ओघळलेला. बोल्टांवर फॉस्फेटची निस्तेज करडी-काळी झाक किंवा जस्ताचा, कॅडमियमचा मुलामा. कुठे तपासनीसाने ओढलेला रंगाचा फटकारा. देखणेपण कोणालाच अभिप्रेत नव्हते. १९५८ सालच्या जीपच्या पाट्याला चकचकीत पावडर कोटिंग करणे म्हणजे शिवकालीन पत्र बॉलपेनने गिरवून ‘आता कसे स्वच्छ दिसते’ म्हणण्यासारखे आहे.

४/
भारतात या थराचे मोल अधिक आहे. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारने धोरण ठरवले की, ज्यांच्याकडे देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे; केवळ जुळणी करणारे परदेशी कारखाने निघून गेले. कुर्ल्याच्या फियाटमध्ये वर्षागणिक देशी भागांचे प्रमाण वाढत गेले.

५/
हे स्थित्यंतर अहवालांत टक्केवारीच्या रूपाने उरते. वस्तूंत ते पोताच्या रूपाने उरते. एका वर्षाच्या आर्मवर कोणता लेप होता, चार वर्षांनंतरच्या आर्मवर कोणता, मुलाम्याची जागा साध्या रंगाने केव्हा घेतली, हे प्रश्न आयातनिर्बंधांच्या आणि स्वावलंबनाच्या इतिहासाचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे यू-बोल्टच्या पट्टीखाली दडलेली आहेत. वाळूचा मारा करणाऱ्या यंत्रासमोर ती अर्ध्या मिनिटात नाहीशी होतात.

६/
आता यवतमाळकडे येऊ. ग्रामीण महाराष्ट्राच्या कारभारात जीपला जे स्थान मिळाले, त्याचा एक धागा याच जिल्ह्याशी जुळतो. पुसदच्या वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप हे गावात पोचलेल्या शासनाचे दृश्य रूप ठरले. तिचे पुढचे-मागचे पाटे ज्या काळ्या मातीत रुतले, ती माती आजही एखाद्या पडीक जीपच्या पाट्यांच्या फटींत सापडू शकते.

७/
आणखी एक कारण हवामानाचे. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड झपाट्याने कुजते. शिवाय तिथली साक्ष आता भंगारात गेली : शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. यवतमाळ, वणी, दारव्हा, पांढरकवड्याची हवा वर्षातील बराच काळ कोरडी असते. जिनिंगच्या आवारात, वाड्याच्या पडवीत पत्र्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीचा मूळ लेप टिकण्याची शक्यता इथे कितीतरी अधिक. कोरड्या विदर्भातील पडव्या हे या विषयाचे दप्तरखाने आहेत, आणि आपण त्यांतली दप्तरे धुवायला काढली आहेत.

८/
‘अस्सल’ म्हणजे फक्त कारखान्याचे, असा सोवळेपणाही मला मान्य नाही. पावसाळ्यापूर्वी पाट्यांना जळके ऑइल चोपडणे, पानांच्या मधे ग्रीस भरणे, वरून गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळणे, हेही गंजरोधनच आहे. ज्या मिस्त्रींची नावे कोणत्याही कागदावर नाहीत, त्यांची ही हस्ताक्षरे आहेत. लाल पावडरखाली कंपनीचा इतिहास तर गाडला जातोच, या कारागिरांचाही जातो. किंबहुना कंपनीचे निदान कुठेतरी छापील कागद असतील. मिस्त्रींचे दुसरे काहीच नाही.

९/
आक्षेप पहिला : ‘कारखान्याने स्वस्तातला रंग मारला होता, आम्ही त्याहून चांगला देतो.’ स्वस्त होता, हीच तर माहिती आहे. वाहनाला किती वर्षांचे आयुष्य अपेक्षित होते, खर्च कुठे वाचवला, कोणता भाग दुरुस्त करायचा आणि कोणता बदलायचा मानला, हे त्या स्वस्तपणातून कळते. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत होते, तेव्हा त्यांनी कागदाची प्रत पाहून पत्रे निवडली नाहीत.

१०/
आक्षेप दुसरा : ‘सुरक्षिततेसाठी नवा लेप हवाच.’ इथे तर चकचकाटाची बाजू अधिकच लंगडी पडते. स्प्रिंगचे पोलाद अतिशय कठीण असते. आम्लात धुऊन त्यावर विद्युत मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. मुलाम्यानंतर लगेच काही तास भट्टीत तापवून तो बाहेर काढावा लागतो. नाहीतर वरून निर्दोष दिसणारी स्प्रिंग भाराखाली अचानक तुटू शकते. जाड पावडर कोटिंग आवळलेल्या बोल्टाखाली चेपते आणि पकड सैल होते. शिवाय त्याखाली पोलादातली बारीक भेग दिसत नाही. झिजलेला किंवा तडकलेला भाग बदलावाच, त्याबद्दल वाद नाही. पण मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नये.

११/
आक्षेप तिसरा : ‘मग कॅडमियमचा मुलामाही परत चढवायचा का?’ मुळीच नाही. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशाने मोटारींमध्ये कॅडमियम, शिसे आणि षट्संयुजी क्रोमियम यांच्या वापरावर निर्बंध आणले, ते योग्यच झाले. अस्सलपणासाठी कामगाराच्या फुप्फुसाशी खेळण्याचा अधिकार कोणालाही नाही. नवा बोल्ट निरुपद्रवी लेपाचा घ्यावा, तो नवा आहे याची नोंद ठेवावी आणि जुना जपून ठेवावा. प्रामाणिक नोंद असलेली नक्कल ही बनावट ठरत नाही.

१२/
कायद्याचे बोट धरावे, तर तेही तोकडे पडते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याची मोठी फेररचना झालेली नसावी, ही अट आहे. त्यात पाट्यांवरील लेपाचा विचार कोण करणार? ज्या फियाट आणि जीप आज ही पन्नाशी ओलांडत आहेत, त्या याच नोंदणीच्या उत्साहात रंगशाळेत जात आहेत. जतनासाठी केलेला नियम अशा रीतीने खरवडण्याचे निमित्त बनतो.

१३/
मागणी फार मोठी नाही. गाडी उचलण्यापूर्वी उन्हात खालच्या बाजूची छायाचित्रे घ्या. माती काढताना तारेचा ब्रश आणू नका. रॉकेलने ओला केलेला फडका पुरे. यू-बोल्टच्या पट्टीखाली, बुशच्या कडेला, शॅकलच्या आतल्या अंगाला पाहा, कारण मूळ लेप अशा झाकल्या जागीच टिकतो. रंग, खुणा, अक्षरे, अंक वहीत उतरवा. मग गाडी चालण्याजोगी करा. पण प्रत्येक मोठ्या भागावर चार बोटे जागा खरवडल्यावाचून सोडा. तिला हलके तेल लावले की झाले.

१४/
त्या चार बोटांचा खर्च शून्य आहे. पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी विचारील की, आपल्या देशाने मोटार बनवायला शिकताना लोखंड कसे जपले, तेव्हा त्याला लालभडक स्प्रिंग काहीच सांगू शकणार नाही. तो काळा, ओघळलेला, तेलकट थर सांगेल. घरी, शेजारी, आजोळच्या पडवीत अशी गाडी उभी असेल, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी एकदा तिच्याखाली शिरून पाहा.