झोप न घेणं वेगळं, झोप न येणं वेगळं

दहावीच्या वर्गात एक मुलगा पहिल्याच तासाला रोज पेंगायचा. मी त्याला दोनदा उभं केलं, एकदा तोंड धुऊन यायला पाठवलं. "रात्रभर मोबाईल बघतोस ना?" असंही सगळ्यांसमोर विचारलं. तो खाली मान घालून गप्प राहिला. पालकसभेत त्याची आई म्हणाली, "सर, मोबाईल रात्री माझ्याकडेच असतो. हा दहाला अंथरुणावर पडतो, पण दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतो हो." मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

आपण शिक्षक आणि पालक नेमके इथेच चुकतो. जागरण करणाऱ्याला झोपायला वेळ दिला की तो झोपतो. निद्रानाश असणाऱ्याकडे वेळ असतो, अंथरूण असतं, शरीर थकलेलंही असतं; झोप तेवढी येत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री, असं तीन महिने चाललं तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते. ती मिळाली नाही की लक्ष टिकत नाही, चिडचिड वाढते. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होतं ते बरंचसं झोपेत, म्हणून पाठ केलेलंही आठवत नाही. निद्रानाशात यावर आणखी एक ओझं असतं, ते म्हणजे झोपेचीच भीती. "आज तरी लागेल का? नाही लागली तर उद्याच्या पेपरचं काय?" या काळजीनेच उरलीसुरली झोप उडते.

अशा मुलाला "लवकर झोपत जा" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. झोप येत नसताना तासन्‌तास लोळत राहिलं, तर अंथरूण म्हणजे जागं राहण्याची जागा, अशी सवय जडते. त्यापेक्षा उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, अगदी रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काही हलकंफुलकं वाचावं, डोळे जड झाले की परत आडवं व्हावं. घड्याळ नजरेआड ठेवावं. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, दुपारची लांब झोपही नको. एवढं करूनही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं. विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती यावर गोळ्यांच्या आधी सुचवली जाते. मनाने झोपेच्या गोळ्या मात्र कधीच देऊ नयेत.

शाळेनेही थोडं बदलायला हवं. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. चांगलंच झालं. पण वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं आणि झोप उशिरा येऊ लागते. म्हणजे ज्यांना झोप उशिरा येते, त्या मोठ्या मुलांनाच अनेक ठिकाणी सातच्या शाळेसाठी पहाटे उठावं लागतं. याचा विचार कोण करणार?

तो होईपर्यंत एक तरी गोष्ट आपल्या हातात आहे. वर्गात कुणी पेंगताना दिसलं तर चारचौघांत "आळशी" म्हणू नका. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारा, "बाळा, रात्री झोप लागते का रे?" मी आता हेच विचारतो. मुलं सांगतात.