लुगडे बोहारणीला देण्याआधी

भगिनींनो, बोहारीण आता पूर्वीइतकी दारावर येत नाही, पण तिचा सौदा काही संपलेला नाही. गाठोडेभर जुने कपडे, त्यावर एक पातेले, आणि घासाघीस जमली तर वर एखादी वाटी. शर्ट गेले, विजारी गेल्या, तर त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण त्याच गाठोड्यात आजीचे विरलेले लुगडेही बांधले जाते. पातेले बाजारात केव्हाही मिळेल. ते लुगडे कोणत्या बाजारात मिळणार?

आपल्या वसई-विरारच्या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल या बाजूच्या सामवेदी ख्रिस्ती बायांचे लाल चौकड्यांचे लुगडे दुरूनही ओळखू येते. पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळणींची नेसण वेगळी, वाडवळ घरांतली नऊवारी वेगळी. आता ही लुगडी रोज नेसणाऱ्या म्हाताऱ्याच उरल्या आहेत. सुना-मुली लग्नात किंवा सणाला तेवढी काढतात. पेटीतले लुगडे एकदा गेले की घरातली एक खूण गेली.

म्हणून आज जुन्या लुगड्याला हाताच्या टाक्याने, मशीनने आणि मण्यांनी दुसरा जन्म कसा द्यावा ते पाहू. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. धड लुगड्याला कात्री लावायची नाही. ते तसेच जपायचे. कात्री फक्त विरलेल्याला. नाहीतर नक्षीच्या हौसेपायी एक ना धड, भाराभर चिंध्या असे व्हायचे.

विरलेले कसे ओळखाल? लुगडे उजेडासमोर धरा. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या जागी सूत झिजून उजेड आरपार दिसेल. पदर आणि काठ बहुधा शाबूत असतात. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले लुगडे घडीच्या रेघेवर तुटते, तीही जागा तपासा. मग एक पांढरी चिंधी ओली करून लाल रंगावर घासा. चिंधी लाल झाली तर ते कापड पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीन वेळा वेगळे धुवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात शेजारचे पांढरे कापड गुलाबी होईल.

झिजलेले कापड एकटे उभे राहत नाही, त्याला पाठीशी आधार लागतो. मांजरपाट आणा. कोरा मांजरपाट आटतो, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. त्यावर लुगड्याचा तुकडा सुरकुती न ठेवता पसरा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी दोन्ही एकत्र धरा. पहिल्या खेपेस दीड हात लांब, हातभर रुंद एवढाच तुकडा घ्या. भिंतीवर लावता येईल, टेबलावर अंथरता येईल, देवाच्या फोटोखालीही शोभेल.

आता हाताचा टाका. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला नक्षी करायची नव्हती, थर सरकू द्यायचे नव्हते. म्हणून तिने धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घातल्या, आणि त्या ओळींचीच नक्षी झाली. बंगालचा कांथा तसाच झाला. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायांची कवंद नावाची गोधडीही तशीच. त्या कडेपासून शिवायला घेतात आणि चौफेर फिरत मध्यावर येतात. कोपऱ्यांवर कापडाची छोटी त्रिकोणी घडी शिवतात, तिला फुला म्हणतात. तिथला टाका आधी कामाचा असतो आणि मग शोभेचा. तोच नेम तुम्हीही धरा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा असू द्या आणि दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. जिथे कापड जास्त विरले आहे तिथे ओळी दाट घ्या. दोरा सुतीच हवा. जुन्या सुती कापडावर मजबूत टेरिलीनचा दोरा घातला तर ओढ बसताच दोरा टिकतो आणि कापड चिरते. ताण आलाच तर दोरा तुटावा, कापड नव्हे. दोरा पुन्हा घालता येतो. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच एका वेळी सुईत ओवा.

चौकड्यांचे लुगडे असेल तर नक्षी काढायला कागदही नको. चौकडी म्हणजे आयता आखलेला कागद. एक घर सोडून एक घर फुलीचा टाका घाला, झाली नक्षी. चौकडीच्या रेघेवर साखळी टाका घातला तर रेघ उठून दिसते. मात्र सगळे अंग भरू नका. तुकड्याचे तीन भाग मोकळे ठेवून एका भागावर काम करा. लुगडेच झाकून गेले तर ते लुगडे होते हे कोणाला कळणार?

यानंतर मशीन. नेहमीच्या शिवणात सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात, आपण फक्त वळवतो. मोकळ्या हाताच्या कामात दात्यांना रजा द्यायची आणि कापड आपल्या हातांनी फिरवायचे. लिहिताना कागद स्थिर असतो आणि लेखणी फिरते. इथे लेखणी एका जागी वरखाली होते आणि कागद फिरतो. एवढे ध्यानात आले की निम्मे काम आले.

सुईजवळचा फूट स्क्रू सैल करून काढा. दाते खाली घेण्याची सोय असेल तर घ्या. जुन्या काळ्या मशीनला ती नसेल, तर टाक्याच्या लांबीची दांडी शून्यावर आणा आणि दात्यांवर जुन्या पत्त्याचा तुकडा, सुईपुरते भोक पाडून, चिकटपट्टीने बसवा. कापड रिंगेत ताणा, पण हाताच्या भरतकामाच्या उलट: मोठी रिंग खाली, तिच्यावर कापड सुलटे, आणि लहान रिंग वरून आत दाबा. म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला टेकेल. बोटाने टिचकी मारली तर ढोलक्यासारखा आवाज आला पाहिजे. विरलेला तुकडा मात्र बेताने ताणा; आणि ओढ मांजरपाटाला धरून द्या, लुगड्याला नव्हे.

आता सर्वात महत्त्वाचे. फूट काढला तरी त्याची मागची दांडी खाली पाडायचीच. फूटच नाही तर दांडी कशाला, असे वाटते. पण दांडी वर राहिली की वरच्या दोऱ्याला ताण बसत नाही आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. शिकणाऱ्या दहाजणींतल्या बहुतेकींचे मशीन याच कारणाने ‘बिघडते’ आणि उगाच कारागिराकडे जाते.

चाक हाताने फिरवून एक टाका घ्या, खालचा दोरा वर काढा, दोन्ही दोरे धरून जागच्या जागी तीन-चार टाके घाला आणि मग टोके कापा. पाय एका लयीत चालू द्या आणि हात सावकाश, सारख्या गतीने फिरवा. हात घाईत गेले तर टाके लांब पडतात, सुई वाकते, प्रसंगी मोडते. हात थबकले तर एकाच जागी टाके साचून जुन्या कापडाला भोक पडते. बोटे रिंगेच्या काठावर ठेवा, सुईजवळ आत नेऊ नका. दोरा ओवताना पायटा सोडा, मोटार असेल तर बटण बंद करा. आधी दोन दिवस चिंधीवर नुसती गिरमिट काढा. पहिलीतल्या पोराचे अक्षर जसे सुधारते तसा हात सुधारतो.

या कामाचे खरे मोल भोक पडलेल्या जागी कळते. भोकामागे मांजरपाट आहेच. त्यावरून मशीनने आडव्या जवळजवळ ओळी घ्या, मग त्यांना छेदणाऱ्या उभ्या. हा झाला रफू. आता त्याच रफूला मध्ये एक दांडा आणि दोन्ही बाजूंना तिरप्या शिरा काढा, की केळीचे पान झाले. भोक होते तिथे पान उगवले. एका पानाला दुसऱ्याशी जोडणारी नागवेल काढली तर दोन-तीन भोके एकाच वेलीवर येतात. वसईच्या वाड्यांत केळी आणि पानवेली पाहत वाढलेल्या मुलीला नमुन्यांचे पुस्तक कशाला हवे?

मणी सगळ्यांत शेवटी. आधी लावले तर मशीनची सुई मण्यावर आपटून मोडेल आणि तुकडा डोळ्याकडे उडेल. मण्यासाठी बारीक सुई आणि मेण लावलेला दुहेरी दोरा घ्या. सुई वर काढा, मणी ओवा, मण्याच्या लांबीएवढ्या अंतरावर खाली घाला, आणि त्याच मण्यातून पुन्हा एकदा सुई न्या. दर तीन-चार मण्यांनी मागे एक गाठ मारा, म्हणजे एक दोरा तुटला तर सगळी माळ ओघळणार नाही. मणी मांजरपाटापर्यंत शिवले गेले पाहिजेत; नुसत्या विरलेल्या कापडाला त्यांचे ओझे पेलवत नाही. चौकडीच्या रेघा जिथे छेदतात तिथे पांढरा मणी लावला की मोगऱ्याची कळी दिसते. घडी पडेल त्या रेघेवर मणी नको, उशीच्या अभ्र्यावर गाल टेकतो तिथेही नको.

तान्ह्याच्या दुपट्यावर तर एकही मणी लावू नका. सुटलेला मणी पोर तोंडात घालते आणि तो घशात अडकतो. काहीजणी मण्यांऐवजी गुंजा शिवतात. लाल-काळी गुंज सुंदर दिसते खरी, पण चावली गेली तर ती विष आहे. लहान मूल असलेल्या घरात तिला कापडावर जागा नाही.

तयार तुकडा गार पाण्यात, उलटा करून, हलक्या हाताने धुवा. ब्रश नको, पिळणे नको. सावलीत आडवा पसरून वाळवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत दमट कापड पेटीत गेले की बुरशी धरते, म्हणून आवणीच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा पेटी उघडून घड्या बदला. जुन्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

कोणी विचारतील, याचे पैसे होतील का? होतील, पण त्यासाठी नव्या मांजरपाटावर पिशव्या, अभ्रे, तोरणे करा, आणि दर ठरवताना दोरा-मण्यांबरोबर आपले तासही मोजा. आजीच्या लुगड्याचा तुकडा मात्र घरातच राहू द्या.

शेवटचा टाका उलट बाजूला घालायचा आहे, आणि तो चुकवू नका. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्याच काळात पोर्तुगीज व्यापारी बंगालमधल्या सातगावच्या रजया युरोपात नेत. सुती कापडावर टसर रेशमाने भरलेले शिकारी, गलबते, मासे अशी त्यांवरची चित्रे. त्यातल्या काही लंडन, लिस्बन, बॉस्टनच्या संग्रहालयांत आजही काचेआड आहेत. त्यांवरचा टाकान्‌टाका टिकला. ज्या हातांनी तो घातला त्यांचे नाव मात्र कुठेही नाही.

म्हणून मांजरपाटाच्या पाठीवर साध्या धावदोऱ्याने तीन ओळी शिवा: हे लुगडे कोणाचे, गाव कोणते, आणि तुम्ही हे काम केले ते साल. खाली तुमचे नाव. आजी हयात असेल तर तिलाच विचारा, हे लुगडे कधी घेतले, कोणी दिले, कोणत्या लग्नात नेसली. तुम्ही टाके घालत असताना ती बोलेल. ते ऐकण्यासाठी तरी हा तुकडा या महिन्यात हाती घ्या. आणि बोहारीण आलीच, तर तिला विजारी द्या.