रोवण्याच्या दिवसांतली आई

जुलै लागला की भंडारा जिल्ह्यात धानाचा रोवणा सुरू होतो. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडलेल्या. त्यामुळे थोरलीच्या वह्या, धाकट्याचा ताप आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या एकदमच आईच्या अंगावर येतात. पहाटे भात-भाजी उरकायची, ओला गणवेश चुलीजवळ वाळवायचा, मग दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून राहायचं. पण हाती पैसाही याच दिवसांत येतो, लेकीला नवं दप्तर मिळतं. तान्हं मात्र कुठे ठेवायचं? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळण्याचीच मजुरी देण्याची तरतूद झाली. खासगी बांधीवर अशी सोय नाही. ग्रामपंचायतींनी निदान रोवण्यापुरतं पाळणाघर चालवावं.