इगतपुरीचा घाट आणि विजेच्या गाडीचा पल्ला

विजेवर चालणाऱ्या मोटारीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हमखास एकच असतो. एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? आपल्या समाजातले शिक्षक, बँक कर्मचारी, डॉक्टर, अभियंते आता कर्ज काढून ही गाडी घेऊ लागले आहेत आणि त्यात वावगे काहीच नाही. मुंबई-ठाण्याहून धम्मगिरीला शिबिरासाठी येणारे असे अनेकजण विचारतात, कसाऱ्याचा घाट चढताना गाडी मध्येच बसणार तर नाही? (विपश्यनेविषयी चळवळीत मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत. तो वाद पुन्हा केव्हातरी.) प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की ते बॅटरीत सापडत नाही, भलतीकडेच सापडते.

आधी घाटाचा हिशेब करून टाकू. कसारा ते इगतपुरी हा चढ उंचीने सुमारे 300 मीटरचा आहे. चार माणसे बसलेल्या मध्यम मोटारीचे वजन 1,800 किलोच्या आसपास भरते. एवढे वजन 300 मीटर वर उचलायला शाळेतल्या सूत्राप्रमाणे दीड युनिट वीज लागते. वाया जाणारी धरून पावणेदोन म्हणा. सपाट रस्त्यावर एका युनिटमध्ये अशी गाडी सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे घाट आपल्याकडून फार तर दहा-बारा किलोमीटर कापून घेतो. उतरताना हीच मोटर जनित्र बनते आणि त्यातले काही परतही देते, जे डिझेलच्या गाडीला या जन्मात शक्य नाही. जाहिरातीत 300 किलोमीटर लिहिले असतील तर पाऊस, वेग, वातानुकूलन धरून 200 मोजावेत. तेवढ्यात ठाण्याहून इगतपुरी आरामात गाठता येते. अडचण परतीची आहे. परतीसाठी इथे कोठेतरी गाडीला वीज मिळाली पाहिजे, आणि इथूनच या विषयाचे खरे राजकारण सुरू होते.

ज्याच्याकडे स्वतःचे घर, घराला लागून गाडी उभी करायची स्वतःची जागा आणि स्वतःच्या नावावरचे वीजमीटर आहे, त्याला पल्ल्याची चिंता नाही. रात्री जेवून प्लग लावायचा, सकाळी गाडी भरलेली. तीस युनिटची बॅटरी साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर नऊ-दहा तासांत भरते. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या माणसाची गाडी महिनोन् महिने सार्वजनिक चार्जरचे तोंडही पाहत नाही. पण ज्याचे घर भाड्याचे आहे, ज्याची वस्ती अशी आहे की गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून चालत आत जावे लागते, ज्याच्या घरकुलाचा मंजूर भारच एका किलोवॅटच्या आसपास आहे, त्याने तो तीन किलोवॅटचा चार्जर कशाला जोडायचा? त्याच्यासाठी या गाडीचा पल्ला शून्य आहे. तीच कंपनी, तीच बॅटरी. एकाला 200 किलोमीटर आणि दुसऱ्याला शून्य. मग पल्ला बॅटरी ठरवते की घराची भिंत कोणाच्या मालकीची आहे, ते ठरवते?

बाबासाहेबांच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. 1929 साली चाळीसगावला बाबासाहेबांना स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा आणला गेला, पण टांगेवाल्याने महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. मग ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा आपल्याच माणसाने तो हाकला आणि पुलावर अपघात झाला. त्या दिवशी घोड्याच्या ताकदीत काही उणे नव्हते. घोडा उभा होता, टांगा उभा होता, रस्ता होता. लगाम धरणाऱ्याच्या मनात जात होती.

आज लगामाच्या जागी प्लग आला आहे. गेल्या वर्षी एका जिल्हा परिषद शिक्षकाने मला आपले प्रकरण सांगितले. भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले गेले, चार ठिकाणी नकार मिळाला, पाचव्या ठिकाणी कशीबशी खोली मिळाली. मग त्यांनी विजेची छोटी मोटार घेतली. घरमालक म्हणाले, प्लग लावू देणार नाही, लावायचा असेल तर खोली सोडा. आता खोली सोडायची म्हणजे पुन्हा आडनावाच्या त्याच परीक्षेला बसायचे. शिक्षकांनी गाडी विकायला काढली. त्यांना रेंजचा त्रास झाला, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही.

कायदा मात्र त्यांच्या बाजूने होता, आणि ही माहिती आपल्या लोकांपर्यंत पोहोचत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 43 प्रमाणे वीजपुरवठा मागण्याचा हक्क जागेच्या मालकाला आहे तसाच भोगवटादारालाही आहे. 2022 च्या मे महिन्यात आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वीज ही मूलभूत सोय आहे, आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून जोडणी नाकारता येणार नाही. अर्जदाराचा त्या जागेत ताबा आहे की नाही, एवढेच पाहायचे. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राने वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले. त्यानुसार विजेच्या गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते, आणि नवी जोडणी महानगरांत 3 दिवसांत, नगरपालिका क्षेत्रात 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्थात, मीटर मिळाले म्हणजे गाडी उभी करायची जागा मिळाली असे नाही, हेही खरे. कायदा तारेपर्यंत नेतो, अंगणापर्यंत नेत नाही.

आता कराकडे पाहा. 2018 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की गाडी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, म्हणून चार्जिंग केंद्राला विजेचा परवाना लागणार नाही. हेतू चांगला होता. पण एकदा सेवा म्हटले की तिच्यावर 18 टक्के जीएसटी आला. घरच्या मीटरवरून गाडी भरणाऱ्याच्या विजेवर जीएसटी नाही. खुद्द गाडीवर 2019 च्या ऑगस्टपासून अवघा 5 टक्के आहे. म्हणजे गाडी विकत घेणाऱ्याला सवलत, घरी प्लग असणाऱ्याला सवलत, आणि ज्याच्याकडे घरचा प्लग नाही, जो रस्त्यावरच्या चार्जरपाशी रांगेत उभा आहे, त्याच्याकडून मात्र 18 टक्के वसूल! ही विषमता कोणी मुद्दाम रचली असेल असे मला वाटत नाही. रचणाऱ्यांच्या घरी प्लग होता, त्यामुळे त्यांच्या ती लक्षातच आली नाही.

राज्य सरकारचा कारभारही याच वळणाचा. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरील विजेच्या मोटारींवर 6 टक्के कर सुचवला होता. त्याच अधिवेशनात तो मागे घेतला गेला. 30 लाखांची गाडी घेणाऱ्याला 6 टक्के जड झाले असते काय? त्यानंतर एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने नवे वाहन धोरण मंजूर केले. त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारी व बसगाड्यांना टोलमाफी आहे. महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचेही वचन आहे. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट मोटारींसाठी जवळपास संपला. किलोमीटरला दोन रुपये धरले तर मोटारवाल्याचे एका खेपेला दीडशे रुपये वाचतात. पण या महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना प्रवेशच नाही. आपल्या वस्त्यांमध्ये विजेचे वाहन म्हणून जे काही आले आहे ते स्कूटर आणि रिक्षाच आहे. स्कूटरवाला आजही पावसाळ्यात जुना घाट चढतो, ट्रकच्या मागे, धुक्यात. त्याच्यासाठी बोगदाही नाही आणि माफीही नाही. टोलमाफी आजच्या आज देता येते, कारण ती कागदावर सही करून होते. चार्जर उभारायला खांब लागतो, रोहित्र लागते, देखभालीला माणूस लागतो.

इगतपुरीला हे सारे विशेष बोचते, कारण विजेवर प्रवास करणे या गावाला नवे नाही. मुंबईत पहिली विजेची रेल्वे 3 फेब्रुवारी 1925 रोजी धावली, व्ही.टी. ते कुर्ला. पुढच्या पाच-सहा वर्षांत ही वीज घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचली. 37 फुटांना एक फूट असा चढ! आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, ज्यांना आम्ही बँकर म्हणतो, आणि ती गाडीला ढकलत इथपर्यंत आणतात. कितीतरी वर्षे मुंबईकडची 1,500 व्होल्टची डीसी वीज इगतपुरीत संपत असे आणि इथून पुढे भुसावळकडे एसी वीज सुरू होत असे, म्हणून इंजिन बदलण्यासाठी गाड्या इथे थांबत. त्या थांब्यावर फलाटावरचे कितीतरी संसार चालले. त्या काळच्या रेल्वेने आधी काय केले? या मार्गासाठी ठाकुर्लीला वीजघर बांधले, उपकेंद्रे बांधली, तारा ओढल्या, आणि मग इंजिन आणले. आधी तार, मग गाडी. आज उलटे चालले आहे. आधी गाडी विकायची, आणि तार बाजारावर सोडून द्यायची.

5 डिसेंबरच्या रात्री इगतपुरीच्या फलाटावर उभे राहून पाहावे. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून चैत्यभूमीकडे निघालेल्या गाड्या एकामागून एक जातात. दारात लोंबकळणारी माणसे, पांढरी पातळे नेसलेल्या म्हाताऱ्या, भाकरीचे गाठोडे, निळे झेंडे. ही सारी माणसे विजेच्याच वाहनातून प्रवास करीत असतात. त्यांच्यापैकी कोणाला पल्ल्याची काळजी करावी लागत नाही. बॅटरी नाही, प्लग नाही, घरमालकाची ना-हरकत नाही. डोक्यावर सार्वजनिक पैशाने ओढलेली तार आहे, बस. त्या डब्यात बसायला जागा का मिळत नाही, यावर मात्र कोणत्याही धोरणात ओळ नाही.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना 25 ऑक्टोबर 1943 रोजी बाबासाहेबांनी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांवरील धोरण समितीपुढे भाषण केले. वीज सरकारच्या मालकीची असावी की खाजगी, आणि खाजगी असली तर जनतेच्या हिताचे रक्षण कसे व्हावे, असा थेट प्रश्न त्यांनी मांडला. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय या देशाची गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी होती. विजेकडे ते सामाजिक प्रश्न म्हणून पाहत होते. आजच्या धोरणकर्त्यांना विजेच्या गाडीत धूर दिसतो, आयात तेल दिसते, कारखान्यातली गुंतवणूक दिसते. तेही दिसायला हवेच. पण ती वीज कोणाच्या दारापर्यंत जाते, हा 1943 चा प्रश्न त्यांच्या फाइलीत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एस.टी.त होते. एस.टी.ने 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू केली तेव्हा आशा वाटली होती. पुढे 5,150 विजेच्या बस भाड्याने घेण्याचे कंत्राट दिले गेले. पुरवठा एवढा रखडला की मे 2025 मध्ये खुद्द परिवहन मंत्र्यांनी कंत्राट रद्द करण्याची भाषा केली. एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात, तिचा मार्ग ठरलेला असतो, ती रोज रात्री आगारात परत येते. पल्ल्याची अडचण सोडवायला याहून सोपे वाहन कोणते? आगारात चार्जर लावला की तोच चार्जर दिवसा रिकामा असताना रिक्षा, स्कूटर आणि पाहुण्यांच्या मोटारींना देता येतो. इगतपुरीच्या बसस्थानकावर असे दोन चार्जर बसवले आणि घोटी-नाशिक फेऱ्यांना विजेच्या बस दिल्या, तर धम्मगिरीला येणाऱ्या ठाण्याच्या मोटारवाल्याचा परतीचा प्रश्न सुटतो आणि रोज नाशिकला कामाला जाणाऱ्या पोरींचाही सुटतो. ज्या तालुक्यातल्या अप्पर वैतरणाचे पाणी मुंबई पिते, ज्या पाण्यावर वीजही तयार होते, त्या तालुक्याने एवढे मागणे म्हणजे फार झाले काय?

तोवर ज्यांनी गाडी घेतली आहे किंवा घेणार आहेत, त्यांनी घरमालकाच्या तोंडी नकारावर थांबू नये. वीज कंपनीकडे स्वतंत्र जोडणीचा लेखी अर्ज द्यावा, त्यात स्वतःला ‘भोगवटादार’ म्हणून दाखवावे, भाडेकराराची किंवा ताब्याच्या पुराव्याची प्रत जोडावी. मुदत उलटली तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर विद्युत लोकपालांकडे जाता येते; या दोन्ही ठिकाणी वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.