आज कुणी आडनाव विचारले नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातील मुलींच्या एका वसतिगृहात ‘सकारात्मक मानसशास्त्र’ या विषयावर दिवसभराची कार्यशाळा झाली. प्रशिक्षक शहरातून आलेले, बोलणे गोड, स्लाइड रंगीत. प्रत्येक मुलीला एक वही मिळाली. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि त्या का घडल्या तेही लिहायचे. महिन्याभराने त्यातल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. एका पानावर होते: नळाला पाणी आले. मेसमधली भाजी आज शिजलेली होती. आज कुणी आडनाव विचारले नाही.

तिसऱ्या गोष्टीपुढे, ‘का घडले’ या रकान्यात तिने लिहिले होते, ‘मी वर्गात कुणाशी बोललेच नाही.’

मित्रांनो, हे पान वाचून दोन चुका करता येतात. पहिली चूक आपल्याच लोकांची. आपला एखादा कार्यकर्ता लगेच म्हणेल, हे सगळे पोट भरलेल्यांचे थोतांड आहे, चळवळ सोडून वह्या कसल्या भरता? मला हे मान्य नाही. मार्टिन सेलिग्मन यांनी १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष असताना या शाखेला चालना दिली. पुढे २००५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच तीन गोष्टींची वही तपासून पाहिली. आठवडाभर ती लिहिणाऱ्यांची नैराश्याची लक्षणे कमी झाली आणि हा फरक सहा महिन्यांपर्यंत दिसला. त्या अभ्यासातले लोक वेबसाइटवरून स्वतःहून आलेले, बहुतेक शिकलेले आणि गोरे होते. नंतर अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा अशा उपायांचा परिणाम लहानच निघाला. पण लहान म्हणजे शून्य नव्हे. आपले किती कार्यकर्ते दारूत गेले, किती आतल्या आत कुढून संपले, आणि आपण त्यांच्या शोकसभेत भाषणे ठोकली! मनावर उपचार घेण्यात कमीपणा कसला? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो आपला हक्क मानला आहे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात असायला हवा.

दुसरी चूक प्रशिक्षकांची, आणि ती अधिक घातक आहे. महिन्याभराने ते मुलींकडून प्रश्नावली भरून घेतात, समाधानाचा आकडा वाढलेला दिसतो, अहवाल तयार होतो. आयुष्यातले समाधान मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एड डीनर यांची प्रश्नावली १९८५ ची आहे. पाच विधाने, प्रत्येकाला एक ते सात गुण. ती वाईट नाही. पण उत्तर देणाऱ्याच्या अपेक्षा आधीच कुणी छाटून ठेवल्या आहेत, हे तिच्यात कुठे दिसते? पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेला माणूस मिळण्यासारखे असेल तेवढेच मागायला शिकतो, हा मुद्दा अमर्त्य सेन यांनी पुन्हा पुन्हा मांडला आहे. आडनाव विचारले गेले नाही म्हणून समाधानी असलेली मुलगी या मोजमापात समाधानीच ठरणार.

डीनर यांच्याच मुलाने, रॉबर्ट बिस्वास-डीनर यांनी, वडिलांसोबत कोलकात्यात एक अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपडपट्टीतले रहिवासी, वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया आणि फूटपाथवर राहणारे अशा ८३ जणांना त्यांनी विचारले. एकूण आयुष्याबद्दल उत्तर किंचित नकाराकडे झुकलेले आले; कुटुंब, मित्र, स्वतःची नीतिमत्ता यांबद्दल मात्र लोक समाधानी होते. यावरून ‘गरीब बघा कसे आनंदात असतात’ असे म्हणणारे महाभाग भेटतात. मला त्यातून उलटे दिसते. माणसाला माणूस तारतो आहे, आणि तरीही एकूण आयुष्य पुरेसे वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. सेलिग्मन यांचे नाव झाले ते आनंदामुळे नव्हे. १९६७ मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ज्यांना आधी न टाळता येणारे विजेचे झटके बसले होते, त्यांतले बहुतेक पुढे सुटकेची वाट समोर असतानाही पडून राहिले. याला ‘शिकलेली असहायता’ म्हटले गेले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूविज्ञानाच्या आधारे कबूल केले की आपले आधी उलटे झाले होते. दीर्घ छळापुढे गप्प होणे ही शरीराची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण: मी काही केले तर काही बदलते, हा अनुभव.

प्राण्यांवरून माणसावर उडी मारताना जपावे, हे मला कळते. आणि आपल्यापुढची भिंत केवळ मनातली कधीच नव्हती. महाडचेच पाहा. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले केले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा निर्णय घेतला. कागदावर हक्क होता, तरी चवदार तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत हजारो लोक गेले, पाणी प्याले, आणि त्याच दिवशी त्यांना मार खावा लागला. न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले. मार खाऊन गावी परतलेल्या त्या माणसांना आपण काही करू शकतो हे कळले होते, आणि ते कुठल्याही वहीत लिहून कळले नसते.

म्हणून समुपदेशकांकडे माझी मागणी साधी आहे. वही जरूर द्या, पण ‘का घडले’ हा रकाना मुलींसोबत बसून वाचा. त्या रकान्यात जात आली तर विषय बदलू नका. उच्च शिक्षणसंस्थांत भेदभावाची तक्रार ऐकण्याची यंत्रणा असावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१२ पासून आहेत. ती तक्रार कुठे करायची हे तुम्हाला ठाऊक असायला नको का? झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर मुलीला डॉक्टरांकडे न्या, कृतज्ञतेचे धडे देत बसू नका.

त्या मुलीच्या वर्गात शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासह मोठ्याने वाचली जायची. आडनावाची चौकशी तिथूनच सुरू झाली होती. दिवाळीनंतर ती आणि आणखी तिघी अर्ज घेऊन कार्यालयात गेल्या. बाबूने अर्ज घेतला, पोच द्यायला नाही म्हणाला. चौघी तिथेच उभ्या राहिल्या, तेव्हा शिक्का मारून मिळाला. यादी आता वर्गात वाचत नाहीत. शिष्यवृत्तीचा हप्ता अजून आलेला नाही, त्यासाठी पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा जाणार आहेत.